गावामागच्या कुरणात चौकोनी खंदक आहे पण किल्ला कुठेच नाही, हे नक्की काय? (केंब्रिजजवळ)

बांधावरची_लेक

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण नीट सांगते म्हणजे कुणाला तरी उत्तर देता येईल.

आम्ही केंब्रिजच्या पश्चिमेला गाडीने वीसेक मिनिटांवर एका लहान गावात राहतो, चार वर्षं झाली. घरामागून एक पायवाट जाते, खांबावर पिवळा बाण लावलेली, आणि ती मेंढ्यांच्या एका कुरणातून पुढे चर्चकडे निघते. त्या कुरणाच्या मधोमध एक चौकोनी चर आहे. चर म्हणजे अगदी चौकोन आखून खणल्यासारखा, चारही बाजूंनी, दोन कोपऱ्यांत वर्षभर पाणी असतं आणि बाकी ठिकाणी नुसतं ओलं गवत आणि लव्हाळं. मधे सपाट जागा, आजूबाजूच्या शेतापेक्षा दोनेक फूट उंच. गावातले लोक त्याला 'द मोट' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. शेजारच्या आजींना विचारलं तर म्हणाल्या आमच्या लहानपणी हिवाळ्यात तिथे बर्फावर घसरायचो, बस.

मी इतके दिवस समजत होते की खंदक म्हटलं की किल्ला पाहिजे. इथे भिंत नाही, दगड नाही, बुरूज नाही. साधी वीटसुद्धा दिसत नाही.

गेल्या महिन्यात अण्णा (माझे वडील) आले आहेत, अंबाजोगाईकडचे, सगळा जन्म शेतीत गेलेला. पहिल्याच दिवशी त्यांना तिकडून फिरवून आणलं तर ते थांबले, काठी त्या उंचवट्यात दोन-तीन ठिकाणी रोवून बघितली, खाली बसून माती चिमटीत घेतली आणि म्हणाले, "इथं कुणाचं तर घर व्हतं. जागा उगंच उंच नसती." मग त्यांनी एक बाजू पावलांनी मोजली, साठ पावलं भरली. म्हणजे साधारण दीडशे फूट, चारही बाजू जवळजवळ तेवढ्याच. चराची रुंदी आत्ता पंचवीस-तीस फूट असेल.

तर माझे प्रश्न असे की हे खरंच घर असेल का, कुणाचं, किती जुनं, आणि घराभोवती एवढा खंदक कशाला? दुसरं म्हणजे गेल्या काही आठवड्यांत कुणीतरी एका कोपऱ्यात बागेतला कचरा, फुटके पेव्हर ब्लॉक आणि मातीचे ढीग आणून टाकतंय, तो कोपरा हळूहळू बुजत चाललाय. अण्णांना ते बघवत नाही आणि मलाही. कुणाला सांगायचं असतं? आणि मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला मेटल डिटेक्टर घेऊन तिथे जायचंय, चालतं का?

मातीकाम_सफक

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, डिटेक्टर घेऊन अजिबात जाऊ नका. सविस्तर खाली सांगतो.

मी सिव्हिल इंजिनिअर, सफकमध्ये १९ वर्षं झाली, आणि शनिवार-रविवार इथल्या पुरातत्त्व ग्रुपबरोबर चिखलात असतो, त्यामुळे तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. अण्णांनी बरोब्बर ओळखलंय. ते घराचंच जोतं आहे. याला इथे 'मोटेड साइट' म्हणतात, म्हणजे खंदकाने वेढलेली घरवस्ती. इंग्लंडमध्ये अशा सुमारे ६,००० जागा माहीत आहेत, त्यातल्या बऱ्याच मध्य आणि पूर्व इंग्लंडात, सफक आणि एसेक्समध्ये तर शेकड्यांनी. यातल्या बहुतेक १२५० ते १३५० या शंभर वर्षांत खणल्या गेल्या. म्हणजे तुमच्या कुरणातला खंदक बहुधा सातशे वर्षांच्या आसपासचा, आपल्याकडे देवगिरीला यादवांचं राज्य होतं तो काळ किंवा त्याच्या थोडं पुढचा.

राहायचं कोण? राजेरजवाडे नाहीत. गावचा मॅनॉरचा मालक, म्हणजे ज्याच्याकडे गावची जमीन आणि गावचं छोटं कोर्ट असायचं तो. कधी एखाद्या मठाचं शेतघर. आणि पुष्कळ ठिकाणी नुसता खाऊनपिऊन सुखी स्वतंत्र शेतकरी, ज्याने जंगल तोडून नवीन रान काढलं आणि तिथेच घर बांधलं. पूर्व इंग्लंडात अशांची संख्या मोठी आहे. मधल्या बेटावर लाकडी सांगाड्याचं मोठं घर, एक मोठा हॉल ज्याच्या मधोमध जमिनीवरच जाळ, स्वयंपाकघर बऱ्याचदा आगीच्या भीतीने वेगळं, कोठार, गोठा, कधी छोटी प्रार्थनेची खोली. भिंती कुडाच्या, आपल्याकडे कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपतात तशाच, वर गवताचं छप्पर. म्हणून तुम्हाला दगड दिसत नाही. लाकूड कुजलं किंवा काढून नेऊन दुसरीकडे वापरलं, कुड मातीत मिसळला, राहिलं फक्त मातीकाम.

आता खंदक कशाला. याचं पहिलं उत्तर तुमच्या पायाखाली आहे, चिकणमाती. पश्चिम केंब्रिजशर, सफक, एसेक्स, सगळीकडे हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेली जड चिकणमाती आहे, पावसाळ्यात बूट खेचून घेते ती. हिवाळाभर पाणी मुरतच नाही. अशा जागी घर कोरडं ठेवायचं तर आपण काय करू? भोवती चर खणू, निघालेली माती मधे टाकून जोतं उंच करू. तेच केलंय. आणि ही माती पाणी धरते, त्यामुळे खाली काही अस्तर न लावता चर आपोआप भरून राहतो. वाळू-मुरमाच्या भागात अशा जागा फारच कमी सापडतात याचं एक मोठं कारण हेच.

तुमच्या मापांवरून मी थोडा हिशोब केला. बेट दीडशे फुटी चौकोन म्हणजे २२,५०० चौरस फूट, आपल्या भाषेत साडेवीस गुंठे. खंदक मूळचा वर ३० फूट रुंद, तळाला १२ आणि ७ फूट खोल धरला (आत्ता दिसतो त्यापेक्षा मूळचा बराच खोल असतो, गाळ भरलेला असतो) तर चारही बाजूंची मिळून माती निघते सुमारे १,०५० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). आजच्या हिशोबाने पाच ब्रासच्या हायवा ट्रकच्या दोनशेवर खेपा. त्यातली निम्मी जरी बेटावर टाकली तरी जोतं दोन-सव्वादोन फूट उंच होतं, आणि तुम्ही लिहिलंय दोनेक फूट, ते जुळतंच. बाकीची बाहेरच्या कडेला बांध म्हणून जाते, कुरणात बाहेरच्या बाजूने पुसटसा बांध दिसतो का बघा. हे सगळं लाकडी फावड्यांनी, ज्यांना फक्त कडेला लोखंडी पट्टी असायची. एका माणसाने ओल्या चिकणमातीत दिवसाला ८० घनफूट खणून टाकली असं धरलं, तर वीस माणसांना दोन महिन्यांपेक्षा जास्त दिवस लागतात. पावसात आणि थंडीत काम बंद धरलं तर एक अख्खा उन्हाळा गेला असेल त्यांचा. मी जेव्हा जेव्हा अशा चराच्या काठावर उभा राहतो तेव्हा मला ती वीस माणसंच दिसतात.

हॅरोकर

वा, मस्त विषय. ताई, तुमच्या कुरणातलं घर तर आता राहिलं नाही पण असं घर अजून उभं, खंदकात पाणी, सगळं शाबूत बघायचं असेल तर लंडनला आल्यावर हॅरोला या. आमच्या इथे हेडस्टोन मॅनॉर आहे. १३१० च्या सुमाराचं लाकडी घर, भोवती चौकोनी खंदक, त्यात आजही पाणी आणि बदकं. १३४४ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपने, जॉन स्ट्रॅटफर्डने, ते घेतलं आणि पुढे दोनशे वर्षं ते आर्चबिशपांकडेच होतं, १५४६ ला आठव्या हेन्रीने काढून घेतलं. शेजारी १५०६ चं भलंमोठं लाकडी कोठार आहे, आत उभं राहून वर बघितलं की तुळयांचं जंगल वाटतं. आता तिथे म्युझियम आहे.

मी दहा वर्षं त्याच्या बाजूच्या मैदानावर दर रविवारी क्रिकेट खेळलो, बॉल त्या खंदकात गेला की काठीने ओढून काढायचो, आणि कधी विचारही केला नाही की घराभोवती पाणी का. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमुळे आत गेलो तेव्हा कळलं.

पण मला त्याहून जास्त आवडतं ते नॉर्थोल्टचं. हॅरोपासून जवळच, सेंट मेरी चर्चच्या शेजारी बेलव्ह्यू पार्कमध्ये. तिथे घर नाही, फक्त खंदकाचा खड्डा आणि मधलं बेट, ताईंच्या कुरणासारखंच. पण ती जागा १९५० पासून कितीतरी वर्षं शास्त्रशुद्ध खणली गेली, पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या देखरेखीखाली, आणि स्वयंपाकघराचा भाग सापडला, खापरं सापडली, आणि खंदकाच्याही आधीची सॅक्सन काळातली वस्ती खाली निघाली. म्हणजे लोक आधीपासून तिथेच राहत होते, खंदक नंतर आला. हे घर एकेकाळी निकोलस ब्रेम्बर याच्याकडे होतं, मूळचा किराणा व्यापारी, लंडनचा मेयर झाला, राजा दुसऱ्या रिचर्डचा माणूस, आणि १३८८ ला राजकारणात हरला तेव्हा लंडनच्या टायबर्नला फासावर गेला. चाळीस फूट रुंद खड्ड्याच्या काठावर आता लोक कुत्री फिरवतात. मी तिथे उभा राहून पोरांना ही गोष्ट सांगतो.

सह्याद्रीवाला

माहिती छान आहे सगळी पण मला एक पटत नाही. नुसतं जोतं कोरडं ठेवायला हजार ब्रास माती कोण उपसेल? त्यासाठी चार फुटांचा चर पुरला असता. मी आयुष्य गडकोट बघण्यात घालवलंय, खंदक हा संरक्षणासाठीच असतो, आपल्याकडे नगरचा भुईकोट बघा, परांडा बघा, खंदक ओलांडल्याशिवाय भिंतीला हात लागत नाही. इथेही त्या काळी लढाया होत्याच ना, राजा आणि सरदारांची भांडणं होती. माझ्या मते हे छोटे किल्लेच, लाकडी तटबंदी असणार जी आता राहिली नाही.

मातीकाम_सफक

दादा, मुद्दा योग्य आहे आणि अभ्यासकांमध्येही यावर पुष्कळ चर्चा झालीय, पण जागेवर जाऊन बघितलं की किल्ल्याची कल्पना टिकत नाही. परांड्याला खंदकाच्या आत दुहेरी तट आहे, बुरुजांवर तोफा आहेत. इथे बहुतेक बेटांवर तटाचा मागमूस नाही, खणून बघितलं तरी मिळत नाही. माती आत तटासारखी उभी केलेली नसते, सपाट पसरलेली असते. पुष्कळ जागा उताराच्या खाली आहेत, वरच्या रानातून सरळ अंगणात बाण मारता येईल अशा. काहींना तर तीनच बाजूंनी खंदक, चौथी बाजू मोकळी. किल्ला बांधणारा असं करणार नाही.

पण तुमचं अर्धं म्हणणं मी मान्य करतो. सैन्याला नाही, तरी चोराला खंदक अडवतो. तो काळ दरोड्यांचा होता. १२८५ मध्ये पहिल्या एडवर्डने विंचेस्टरचा कायदा केला त्यात असं आहे की बाजारगावांमधल्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी २०० फुटांपर्यंत झाडोरा आणि चर काढून टाकायचे, म्हणजे लुटारूंना दबा धरून बसता येणार नाही. राजालाच असा कायदा करावा लागतो म्हणजे एकट्या रानात घर करणाऱ्याची काय अवस्था असेल बघा. रात्री पुलाचं दार लावलं की गुरं आत, माणसं आत, झोप लागते.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात खरी वाटते, ती म्हणजे प्रतिष्ठा. घराला किल्ल्यासारखी दातेरी भिंत बांधायची तर त्यासाठी राजाचा परवाना मिळवायची रीत होती. श्रॉपशरमधल्या स्टोकसेचा लोकरीचा व्यापारी लॉरेन्स ऑफ लडलो याने १२९१ ला तो मिळवला, यॉर्कशरच्या मार्केनफील्डवाल्यांनी १३१० ला. खंदकाला मात्र असला परवाना लागत नव्हता. म्हणजे हातात पैसा आणि माणसं असली की कुणीही घराला खंदक काढून 'आम्हीही त्यातलेच' असं गावाला दाखवू शकत होता. आपल्याकडे वाड्याला दिंडी दरवाजा काढायचे, हत्ती दारात नसला तरी हत्ती जाईल एवढा दरवाजा पाहिजे. तसंच. एकाने काढला की शेजारच्या गावचा काढतो. शंभर वर्षांत हजारो खंदक झाले त्याचं हे मोठं कारण. मग १३१५-१७ चा भीषण दुष्काळ आला, १३४८-४९ ला प्लेग आला आणि माणसंच राहिली नाहीत, मजुरी महागली, नवीन खंदक खणणं जवळजवळ थांबलं, पुष्कळ बेटं ओस पडली. म्हणून तुमच्या कुरणात घर नाही ताई.

मासे विसरलो. शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत मांस चालत नसे, मासा चाले, त्यामुळे ब्रीम, पाइक, ईल पाळायचे. पण घरातली संडासाची मोरी बऱ्याचदा त्याच खंदकात सुटायची, म्हणून शहाणे लोक माशांचं तळं वेगळं करायचे आणि पाटाने जोडायचे. तुमच्या खंदकाच्या जवळ एखादा लांबट आयताकृती खड्डा दिसतो का? पुष्कळ ठिकाणी असतो.

आणि एक गंमत शब्दाची. 'मोट' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे त्याचा अर्थ होता मातीचा उंचवटा. इंग्लंडात येता येता उंचवट्याचं नाव भोवतीच्या खड्ड्याला चिकटलं. अण्णांनी काठी आधी उंचवट्यात रोवली हे मला म्हणूनच फार आवडलं.

गढीवरचा

मी परभणी जिल्ह्यातला, इंग्लंड कधी बघितलं नाही, पण हा धागा वाचून गप्प बसवेना.

आमच्या गावात देशमुखांची गढी आहे. होती म्हणावं लागेल. लहानपणी चार बुरूज होते, पांढऱ्या मातीचे, खाली दगड आणि वर नुसती माती, साठ-सत्तर फूट लांबीची भिंत. खंदक नाही, आमच्याकडं उंचीवरच भरवसा. गावातली लोकं धाब्यावर टाकायला पांढरी माती गढीची न्यायची, दर उन्हाळ्यात बैलगाड्या लागायच्या, कारण ती माती पाणी आत येऊ देत नाही. आजोबा सांगायचे की माती नेताना कधी खापर निघायचं, कधी जातं, कधी बांगड्यांचे तुकडे. कुणी जपून ठेवलं नाही. मग स्लॅबची घरं आली, माती न्यायचं थांबलं, पण जेसीबी आला. आज दोन बुरूज राहिलेत आणि मधे पाण्याची टाकी उभी आहे.

ताईच्या वडलांनी जे ओळखलं ते आमच्याकडं प्रत्येक म्हाताऱ्याला कळतं. काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे माणूस राहिलेली जागा. राख, शेण, कुडाची माती, चूल, शेकडो वर्षं पडत पडत मातीचा रंगच बदलतो. ताई, तिथं काही विशिष्ट झाडोरा उगवतो का ते बघा. आमच्या पांढरीत उगवतं ते काळीत येत नाही.

तो कोपरा बुजवू देऊ नका. कळकळीनं सांगतो. एकदा बुजला की पुढच्याला वाटतं हे आधीपासून असंच होतं.

मातीकाम_सफक

गढीवरचे दादा, तुमचं झाडोऱ्याचं निरीक्षण इथेही तंतोतंत लागू पडतं. इथे ओसाड वस्तीच्या जागी अंगाची आग करणारं नेटल माजतं, कारण माणसांच्या-गुरांच्या राहण्याने मातीत फॉस्फेट साठतं आणि ते शतकानुशतकं जात नाही.

आता ताईंचे कायद्याचे प्रश्न. इंग्लंडमध्ये १९७९ च्या कायद्याने महत्त्वाच्या जागा 'शेड्यूल्ड मॉन्युमेंट' म्हणून नोंदवतात आणि अशा पुष्कळ खंदकवस्त्या त्या यादीत आहेत. अशा जागेवर परवानगीशिवाय खणणं, भराव टाकणं, मेटल डिटेक्टर चालवणं, तिन्ही गुन्हे आहेत, जमीन स्वतःच्या मालकीची असली तरीही. जागा यादीत नसली तरी डिटेक्टरला जमीनमालकाची परवानगी लागतेच, पायवाटेवरून चालायचा हक्क म्हणजे खणायचा हक्क नाही. मुलाला मापं घ्यायला लावा, त्यात जास्त मजा आहे.

बघायचं कसं ते सांगतो. हिस्टॉरिक इंग्लंड या जुन्या वास्तूंचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर नकाशा आहे, त्यावर तुमचं गाव काढा, जागा शेड्यूल्ड असेल तर हद्द रंगवलेली दिसेल. नसली तर काउंटीचं हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट रेकॉर्ड असतं, त्यांना ईमेल करा, त्यांच्याकडे प्रत्येक खड्ड्याची नोंद असते आणि नसली तर ते आनंदाने करून घेतात. भरावाबद्दलही त्यांनाच फोटोंसकट कळवा, शेतकऱ्याशी आधी बोललात तर आणखी चांगलं, बऱ्याचदा त्यालाच ठाऊक नसतं की बाहेरचं कुणी रात्री आणून टाकतंय.

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर ऑर्डनन्स सर्व्हेचे (इथल्या सरकारी नकाशा खात्याचे) जुने नकाशे फुकट आहेत, इंग्लंडचे पण. एकोणिसाव्या शतकातल्या नकाशांवर जुन्या अवशेषांची नावं वेगळ्या, गॉथिक वळणाच्या अक्षरात छापलेली असायची. तिथे 'मोट' असं त्या अक्षरात दिसलं की समजा. आणि शेवटी लायडार. विमानातून लेझर सोडून जमिनीची उंची मोजतात, एन्व्हायर्नमेंट एजन्सीने जवळजवळ सगळ्या इंग्लंडचा डेटा एक मीटरच्या अंतराने मोकळा ठेवलाय. झाडं-गवत वजा करून नुसती जमीन दिसते. त्यावर तिरपा उजेड टाकलेलं चित्र बघा, डोळ्यांना न दिसणारे बांध, चर, जुनी वाट, सगळं वर येतं. तोच परिणाम फुकटात हवा असेल तर जानेवारीत सकाळी नऊला जा, सूर्य खाली असतो आणि सहा इंचाच्या उंचवट्याचीही सावली पडते. दहिवर पडलेलं असेल तर अजून छान.

आणि हो, त्या पाणी असलेल्या कोपऱ्यात वसंतात ग्रेट क्रेस्टेड न्यूट असू शकतात, पालीसारखा दिसणारा, नराच्या पाठीवर तुरा असलेला पाण्यातला जीव. त्यालाही कायद्याचं संरक्षण आहे, त्याची राहायची जागा बुजवता येत नाही. कधी कधी मातीकाम वाचतं ते या न्यूटमुळे.

सह्याद्रीवाला

बरोबर, तीन बाजूंचा खंदक आणि तट नाही म्हटल्यावर मी किल्ल्याचा हट्ट सोडतो. चोराचं कारण मात्र मी पहिलंच धरणार, प्रतिष्ठा दुसरं. पुढच्या वर्षी भाच्याकडे केंटला येतोय, तिकडे काही आहे का बघण्यासारखं?

हॅरोकर

केंटमध्ये आयटम मोट, चुकवू नका. १३२० च्या दशकापासूनचं घर, चारही भिंती सरळ पाण्यातून वर आलेल्या, नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. आणि जमलं तर हेरफर्डशरला लोअर ब्रॉकहॅम्प्टन, चौदाव्या शतकाच्या अखेरचं लाकडी घर, खंदकावर नंतर बांधलेलं छोटंसं तिरकं झालेलं गेटहाऊस. ते बघितलं की ताईंच्या कुरणात काय उभं असेल ते डोळ्यांसमोर येतं.

बांधावरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय पण बरंच झालंय मधे.

लायडार बघितलं. लॅपटॉपवर ते राखाडी चित्र उघडलं आणि आमचं ओळखीचं कुरण एकदम कुणीतरी पांघरूण ओढल्यासारखं दिसलं. चौकोन तर आहेच, पण बाहेरचा बांध तिन्ही बाजूंनी स्पष्ट, आणि उत्तरेला मातीकामदादा म्हणाले तसा लांबट खड्डा, खंदकाशी एका बारीक चराने जोडलेला. माशांचं तळं! आम्ही तिथून रोज जायचो आणि मला वाटायचं जमीन जरा खचलीय. पूर्वेच्या बाजूला खंदकावर एक पंधराएक फूट रुंद मातीचा पट्टा आहे, मेंढ्या तिथूनच बेटावर जातात. अण्णा म्हणाले, "दरवाजा हाच. जनावर जुनी वाट सोडत नाही." आणि त्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला उजवीकडे नेटल कंबरेएवढं माजलंय, बाकी बेटावर कुठेही नाही. गढीवरच्या दादांनी सांगितलं नसतं तर मी ते बघितलंच नसतं. गोठा असेल तिथे, नाहीतर उकिरडा.

पलीकडच्या शेतात लांबच लांब लाटा दिसल्या. अण्णांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, ही सरी-वरंबा एवढी रुंद कशी? तेही जुनंच निघालं, मध्ययुगीन नांगरटीचे वरंबे, एकेक पाच-सहा मीटर रुंद, आणि सगळे टोकाला किंचित वळलेले कारण बैलांची लांब जोडी बांधाजवळ वळवायला जागा लागायची. आठ बैलांच्या नांगराबद्दल वाचून दाखवलं तर अण्णा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले आपल्याकडंबी मोठ्या नांगराला सहा-आठ बैल जुंपायचे, मी धरलाय. त्यानंतर आम्ही केंब्रिजजवळच्या विंपोलला जाऊन आलो, तिथल्या पार्कमध्ये असेच वरंबे गवताखाली आहेत, संध्याकाळच्या उन्हात अख्खं रान कंगव्याने विंचरल्यासारखं दिसत होतं.

भरावाचं सांगते. शेतकऱ्याला भेटले, साठीचा माणूस, त्याला खरंच कल्पना नव्हती. त्याने दुसऱ्याच दिवशी फाटकाला कुलूप लावलं, आता चालणाऱ्यांसाठी नुसतं लाकडी किसिंग गेट (एकावेळी एकच माणूस जाईल असं छोटं फाटक) उघडं आहे. काउंटीच्या रेकॉर्डवाल्या बाईंना ईमेल केलं. जागा त्यांच्याकडे नोंदलेली आहे पण माशांचं तळं आणि उत्तरेचा बांध नोंदीत नव्हता, त्यांनी जमिनीवरून फोटो मागवले, प्रत्येक फोटोत मोजायला काहीतरी ठेवा म्हणाल्या.

अण्णांची काठी बरोबर तीन फुटांची आहे. मुलाने तिच्यावर दर फुटाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आणि रविवारी सकाळी दहिवरात आम्ही तिघांनी चौदा फोटो काढले, चारही कोपरे, पूर्वेचा दरवाजा, तळं, नेटलची जागा. कोपऱ्यातला भराव काठीच्या दोन फुटांपर्यंत येतो. तो हळूहळू हाताने काढायचा की आहे तसा राहू द्यायचा, मातीकामदादा, तुमचं काय मत?

मातीकाम_सफक

आहे तसा राहू द्या ताई, काढताना खालचा गाळ उचकटला तर त्यातलं लाकूड, बिया, चामडं हवा लागून संपतं, ओल्या गाळात हवा नाही म्हणूनच ते सातशे वर्षं टिकतं. पेव्हर ब्लॉक तेवढे वरच्या वर उचलायचे असतील तर बाईंना आधी विचारा. पुलाचे लाकडी खांब बहुतेक वेळा दरवाजासमोरच गाळात असतात आणि लाकडातल्या वर्तुळांवरून ते कोणत्या वर्षी तोडलं हे काढता येतं, म्हणून पूर्वेची बाजू विशेष जपा. आणि काठीवाला फोटो इथे टाका, तळ्याचा आधी.

गढीवरचा

अण्णांना नमस्कार सांगा. मी पण उद्या आमच्या राहिलेल्या दोन बुरुजांची मापं घेतो, माझ्याकडं आजोबांची काठी आहे.